दोघांना वेगवेगळं विचारतात

रुग्णालयात माणसांना टाके घालणारे डॉक्टर पुष्कळ होते. पण चादरींना, अभ्र्यांना, शस्त्रक्रियेच्या हिरव्या डगल्यांना आणि रुग्णांच्या नाडीच्या पायजम्यांना टाके घालणारी बाई एकच होती, म्हणून तिचं नाव टाकेबाई पडलं. तळमजल्यावर धुलाईखान्याला चिकटून तिची शिवणखोली होती. खोलीत सदानकदा वाफेचा आणि तापलेल्या इस्त्रीचा वास. बाहेरच्याला तिथे गुदमरायला व्हायचं, टाकेबाईला मात्र तिथेच मोकळा श्वास यायचा. कापड कुठून विरणार हे फाटायच्या आधी तिला दिसायचं. तिच्या हाताखाली आलेली चादर आणखी दोन वर्षं टिकायची.

नवरा शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करायचा, म्हणून तो पंपवाले. दोघं कोपऱ्यावरच्या चर्चची जुनी माणसं. मूल नव्हतं. त्याचं दुःख करून करून इतकं जुनं झालं होतं, की आता ते घरातल्या एखाद्या शांत माणसासारखं कोपऱ्यात बसून असायचं. बाकी सगळं व्यवस्थित चाललं होतं. तर एका रविवारी मिशनचे पाहुणे आले आणि त्यांनी उपासनेनंतर फिल्म दाखवली.

फिल्म निर्वासितांच्या छावणीची होती. युद्धातून जीव वाचवून आलेली माणसं, तंबूंच्या रांगा, चिखल, आणि एका हातपंपासमोर बादल्यांची न संपणारी ओळ. एक बाई दांडा मारते आहे, मारते आहे, आणि नळीतून करंगळीएवढी धार येते आहे. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. पंपवाले मात्र खुर्चीत पुढे सरकले आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "अहो, वॉशर गेलाय! नुसता वॉशर!"

लोक हसले, पंपवाले नाही हसले. त्या दिवसापासून तो वॉशर त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, "एवढ्याशा चामड्याच्या चकतीपायी बायका दिवसभर उन्हात उभ्या आहेत गं." हळूहळू वॉशरच्या जोडीनं प्रभूचं नाव येऊ लागलं, आणि एक दिवस त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन सांगून टाकलं की मला पाचारण झालंय. देवानं कुणाला कशातून हाक मारावी याला काही नियम नाही. पंपवाल्यांना त्यानं वॉशरमधून मारली.

टाकेबाईला कुठूनच मारली नाही. तिनं आपल्या परीनं कान देऊन पाहिलं. प्रार्थनेत, शास्त्रपाठात, एकदा तर मशीन बंद करून शिवणखोलीत नुसती बसून. पलीकडून धुलाईयंत्राची घरघर तेवढी ऐकू आली.

आता मिशनची एक जुनी पद्धत होती. परदेशी सेवाकार्याला ते जोडपं पाठवत, आणि पाठवण्याआधी नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळ्या वेळी, बंद दाराआड, एकेकटं विचारत: जायचं आहे का? दोघांपैकी एकानं जरी नाही म्हटलं, तरी दोघांना मिळून एकच उत्तर जायचं: 'या वेळी नाही.' नाही कोण म्हणालं हे मिशन कधीच, कुणालाच, अगदी नवराबायकोलाही सांगत नसे. शिवाय पुष्कळदा दोघंही हो म्हणत आणि समितीच काही कारणानं नाही म्हणे. त्यामुळे नाही म्हणणाऱ्याची झाकली मूठ झाकलेलीच राहायची.

पहिल्या वेळी विचारलं तेव्हा टाकेबाई हो म्हणाली. चहा घेणार का असं विचारल्यावर आपण हो म्हणतो तसं म्हणाली. नवरा आनंदात होता, पाळकसाहेब आनंदात होते, मंडळी तर आनंदानं नुसती उतू जात होती. एवढ्या आनंदाच्या वाटेत आडवं पडायचं म्हणजे अंगात धमक लागते, आणि ती तिच्यात नव्हती.

मग तयारीला ऊत आला. संध्याकाळी छावणीतल्या लोकांच्या भाषेचा वर्ग असे. पंपवाल्यांनी पहिलं वाक्य पाठ केलं, 'पाणी कुठून येतं?' टाकेबाईच्या वाट्याला आलं, 'दुखतंय का?' घरी दोघं एकमेकांवर सराव करत. ते भाजी चिरता चिरता तिला विचारायचे, पाणी कुठून येतं? ती वैतागून विचारायची, दुखतंय का? यापुढे संभाषण जात नसे. मिशननं तिला हातानं फिरवायचं मशीन आणून दिलं, कारण तिथे विजेचा भरवसा नव्हता, आणि तिथल्या बायकांना शिवण शिकवणं हे तिचं काम ठरलं होतं. लसी टोचून झाल्या. एका पिशवीत संसार बसवायचाही सराव झाला. पंपवाल्यांच्या पिशवीत अर्ध्याहून अधिक नट आवळायचे पाने आणि वॉशर.

शेवटी घर रिकामं करण्याचा दिवस आला. त्या मंडळीत रीतच होती. सेवेला जाणाऱ्यानं घरातली एकेक वस्तू मंडळीतल्या एकेकाला द्यायची, आणि घेणाऱ्यानं ती वापरताना दरवेळी देणाऱ्यासाठी प्रार्थना करायची. कढई बेकरीवालीनं घेतली. पलंग ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांकडे गेला. इस्त्री पाळकीणबाईंकडे गेली. खुर्च्या, पडदे, डबे, पोळपाट, आरसा, सगळं गेलं. मग निरोपाची सभा झाली. सगळे रडले, टाकेबाईच्या गळ्यात पडले. रुग्णालयानंही हार घालून भेटवस्तू दिली. पंपवाल्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. आता फक्त जायचं राहिलं होतं.

आणि तेवढंच झालं नाही. परवानगीची कागदपत्रं कुठल्याशा टेबलावर अडकली. आज येतील, उद्या येतील असं करता करता आठवडे उलटले. रिकाम्या घरात बोललं की आवाज घुमायचा. दोघं चर्चच्या सभागृहातून आणलेल्या पातळ गाद्यांवर झोपत आणि वर्तमानपत्र अंथरून जेवत. घर खायला उठलं होतं, पण खायला त्यातही काही उरलं नव्हतं.

बाहेर पडावं तर आणखी आफत.

"अगं बाई, अजून इथेच?" भाजीवाली विचारायची.

"अजून इथेच?" बसमधला कंडक्टर विचारायचा. चावी बनवणारा, औषधवाला, समोरच्या खिडकीतली म्हातारी, सगळे विचारायचे. कुणी वाईट हेतूनं विचारत नव्हतं. पण ज्याच्यासाठी आपण रडून मोकळे झालो, ते माणूस दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर कांदे निवडताना दिसलं की माणसाला जरा फसवल्यासारखं वाटतंच. टाकेबाई मागच्या गल्लीनं जायला लागली. मागच्या गल्लीतही माणसं राहतात हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

एक दिवस ती हिय्या करून बेकरीवालीकडे कढई मागायला गेली. स्वतःची कढई मागताना जीभ इतकी जड होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"घ्या की, तुमचीच आहे," बेकरीवाली म्हणाली. मग कढई तिच्या हातात देता देता पुढे म्हणाली, "फक्त परत देताना नीट घासून द्या हं. मी आता हिच्यात अंडीच करते. आणि रोज तुमचं नाव घेते बरं का अंडी करताना."

टाकेबाई कढई पोटाशी धरून घरी आली आणि नवऱ्यावर उखडली. "माझ्या कढईत मी काय करायचं हे आता ती ठरवणार!"

पंपवाले शांतपणे म्हणाले, "प्रभू आपल्याला शिकवतोय. तिथल्या लोकांनाही असंच मागावं लागतं."

"मला शिकवणी नको, मला कढई पाहिजे," ती म्हणाली. त्यावर पंपवाल्यांना हसू आलं, आणि त्यांच्या हसण्याचा तिला आणखी राग आला.

शिवणखोलीतही ती जाऊन आली. तिथे नवी बाई आली होती. तिनं मशीन खिडकीकडून भिंतीकडे हलवलं होतं, कात्र्या खिळ्याला टांगल्या होत्या. टाकेबाईला तिनं मोठ्या मानानं पाहुण्यांच्या स्टुलावर बसवलं. टाकेबाईला राहवेना. तिनं गठ्ठ्यातला एक अभ्रा ओढून दुमड घालायला घेतली, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्याही दिवशी. चौथ्या दिवशी अधीक्षकांनी बोलावून अगदी गोडीत सांगितलं, "बाई, तुम्हाला आम्ही निरोप दिलाय. हारसुद्धा घातलाय. तुम्ही रोज दिसता, लोकांना काय सांगायचं?"

ती तिथून निघाली ती कितीतरी वेळ रस्त्यांनी नुसती फिरत राहिली. धड इथली नाही, धड तिथली नाही. पण चालता चालता तिला एक गोष्ट लख्ख कळली. तिला आपली शिवणखोली परत हवी होती, आपली कढई हवी होती, ते खिडकीकडचं मशीन हवं होतं. तिला जायचं नव्हतं. तिला कधीच जायचं नव्हतं. याला कुणाला सांगता येईल असं मोठं कारणही नव्हतं. म्हातारे आईबाप नव्हते, आजार नव्हता. नुसतं नको होतं. देवाच्या कामाला नुसतं नको कसं म्हणायचं, या विचारानं तिचा जीव कासावीस झाला.

अशात मिशनकडून निरोप आला. छावणी हलली होती. आता ती दूरच्या सीमेवर, अधिक अवघड जागी होती, आणि तिथे राहायची मुदतही वाढली होती. त्यामुळे दोघांना पुन्हा विचारायचं ठरलं. नेहमीसारखंच, एकेकटं.

पंपवाल्यांना आनंद मावेना. "म्हणजे हललं काहीतरी!" ते म्हणाले आणि भाषेचं पुस्तक घेऊन बसले. टाकेबाई घरात एका जागी ठरेना. गाद्या उचलून झटकायची, पुन्हा घालायची, धुतलेले कपडे पुन्हा धुवायची. तिला नाही म्हणता येणार होतं. कुणाला कळणारही नव्हतं. हे दार उघडं आहे हेच तिला स्वस्थ बसू देत नव्हतं. ज्या माणसाच्या भातात मीठ कमी पडलं तरी तिला चुकल्यासारखं व्हायचं, त्याच्या पाठीमागे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती मोडणार होती. कचेरीला जाताना बसमध्ये पंपवाले पुटपुटत क्रियापदं पाठ करत होते. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिला बाहेरचं काहीही दिसत नव्हतं.

आधी तिला आत बोलावलं. विचारणाऱ्या बाई वयस्कर होत्या. उभा जन्म त्यांनी छावण्यांमधून काढला होता. पाय सुजले होते म्हणून टेबलाखाली चपला काढून बसल्या होत्या.

"बसा. जायचंय का तुम्हाला?"

"मला हातमशीन येतं," टाकेबाई म्हणाली. "शिकवताही येईल. भाषाही थोडी..."

"ते मी नाही विचारलं. जायचंय का?"

"नाही."

शब्द तोंडातून गेला आणि तिनंच दचकून दाराकडे पाहिलं. काहीच झालं नाही. बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"कारण सांगावं लागेल?" तिनं विचारलं.

"नाही."

"देवाला राग येईल का हो?"

"देवाचं मी कसं सांगू? मला नाही आला." बाईंनी पाय हलवून दुसऱ्या बाजूला घेतले. "मनात नसताना आलेली माणसं मी तिथे पाहिलीत. स्वतः पिचतात आणि आसपासच्यांना पिचवतात. पाणी प्या आणि यांना पाठवा आत."

ती बाहेर येऊन बाकावर बसली. पंपवाल्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, शर्टाची कॉलर सारखी केली आणि आत गेले. गेले तसे लगेच बाहेर आले. ज्याला ठाम हो म्हणायचं असतं त्याला वेळ कशाला लागेल, असं तिच्या मनात आलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी क्रियापदं काढली नाहीत. थकले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं.

आठवडाभरात पाळकसाहेबांच्या फोनवर उत्तर आलं. 'या वेळी नाही.' पाळकसाहेब स्वतः सांगायला आले आणि बसायला खुर्ची नव्हती म्हणून उभ्याउभ्याच सांगून गेले. पंपवाले "बरं" म्हणाले. मग पान्यांची पिशवी उचलून शेजाऱ्यांकडे गेले आणि त्यांचा चांगला चालणारा नळ उघडून पुन्हा बसवून आले.

टाकेबाईला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, एखाद्या दिवसापुरतं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मग मंडळीनं तोंड उघडलं.

लोकांचंही काही फार चुकत नव्हतं. त्यांनी प्रार्थना केल्या होत्या, रडले होते, घरात दुसऱ्याची कढई ठेवून घेतली होती. समितीनं असं एकाएकी नाही का म्हणावं? म्हणजे दोघांपैकी कुणीतरी कच खाल्ली. आणि कुणी, हे काय सांगायला हवं? पंपवाल्यांचा वॉशर सगळ्यांनी ऐकला होता. टाकेबाईच्या तोंडून मात्र कुणी कधी पाचारणाचा प ऐकला नव्हता. बायकांच्या सभेत पाळकीणबाई म्हणाल्या, "आपल्यातल्या एका बहिणीचं मन कच्चं पडलं. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या." नाव त्यांनी घेतलं नाही, पण सगळ्या डोक्यांचा रोख एकाच बाजूला. टाकेबाईनंही डोळे मिटले आणि सगळ्यांबरोबर म्हणाली, "प्रभू, त्या बहिणीला बळ दे." इतकी खोटी प्रार्थना तिनं जन्मात केली नव्हती, आणि गंमत म्हणजे इतकी मनापासूनही केली नव्हती.

घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पंपवाल्यांनी विचारलं तेव्हा तिनं सभेतलं सांगितलं.

पुढच्या रविवारी उपासनेत सूचनांची वेळ आली तेव्हा ते उठून उभे राहिले.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "मिशननं विचारलं तेव्हा नाही मी म्हणालो. माझ्या बायकोला कुणी काही विचारू नका."

आणि खाली बसले.

टाकेबाईच्या मांडीवरचं स्तोत्रांचं पुस्तक घसरून पडलं. उचलायचं तिला सुचलं नाही.

त्या दिवसापासून लोकांनी मोहरा वळवला. वॉशरवाल्या माणसानंच शेपूट घातली हे मंडळीला जास्तच लागलं. दर रविवारी शास्त्रपाठ वाचायचं काम त्यांच्याकडे असे, ते हळूच दुसऱ्याकडे गेलं. वस्तू परत यायला लागल्या, पण प्रत्येक वस्तूच्या गळ्यात एकेक शेरा बांधलेला. बेकरीवाली तिच्याकडे परत गेलेली कढई दारातूनच देत म्हणाली, "घ्या. आता प्रार्थना तरी कुणासाठी करायची?" मास्तरांनी पलंग दिलाच नाही. पाणीपुरवठ्यानं पंपवाल्यांना परत घेतलं, पण रोजंदारीवर, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाच्या हाताखाली. तिथे मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी विचारायचं, "काय, परदेशची हवा मानवली का?" पंपवाले हसून "मानवली" म्हणायचे आणि डबा उघडायचे.

टाकेबाईला हे सगळं दिसत होतं, आणि तिचं डोकं चरकासारखं फिरत होतं. ते खोटं बोलले होते का? मग त्यांना माहीत होतं. माहीत असूनही ते असे रोज समोर बसून जेवतात? की ते खरंच बोलले होते? खरंच असेल तर मग... मग आपण उगाच एवढं झुरलो? विचारावं तर आपलं उघडं पडणार. न विचारावं तर झोप नाही. एक दिवस तिला वाटे की हा माणूस देवमाणूस आहे. दुसऱ्या दिवशी वाटे, कसला देवमाणूस, पक्का भित्रा निघाला आणि आपल्याला महिनोन्महिने नाचवलं.

असल्याच एका सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाला, जमिनीवर बसून पाठ धरली म्हणून ती कण्हत उठली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाहीच म्हणायचं होतं तर माझं घर कशाला रिकामं केलंत? माझा पलंग, माझी नोकरी, सगळं घालवलंत. आधी आपलं मन तरी तपासायचं!"

पंपवाल्यांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांचे ओठ हलले, काहीतरी येऊ पाहत होतं. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलंच."

तिला ओरडावंसं वाटलं. स्वतःला फटकवावंसं वाटलं. भांडी घासायला म्हणून ती मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून रडली. दुसऱ्याच्या अंगावर आपलं पाप टाकून वर त्यालाच झापणारी बाई आपण असू हे तिला ठाऊक नव्हतं. त्या कचेरीत नाही म्हटल्याची लाज तिला त्या क्षणी राहिली नाही. लाज या दुपारची वाटली, आणि ती सहन होण्यासारखी नव्हती.

रविवारी सूचना संपल्या. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, मास्तरांनी ऑर्गनवर हात ठेवले. टाकेबाई उभी राहिली. तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली.

"नाही मी म्हणाले होते," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "मिशननं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. मला जायचं नव्हतं. कारण काही नाही, नुसतं जायचं नव्हतं. आजही नाही जायचं."

मास्तरांचं कोपर पट्ट्यांवर पडून ऑर्गन भसाड्यानं ओरडला. कुणी हसलं नाही.

"पण मग हे..." पाळकसाहेबांनी गोंधळून पंपवाल्यांकडे बोट केलं. "दोघंही नाही म्हणालात?"

"त्यांचं त्यांना माहीत. मी माझं सांगितलं." ती खाली बसली. शेजारची बेकरीवाली जराशी दूर सरकली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा होती तिथे आली.

उपासना संपल्यावर दोघं चालत निघाली. रविवार म्हणून दुकानांची दारं बंद होती आणि रस्ता मोकळा होता.

"तुम्हाला माहीत होतं?" शेवटी तिनं विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तू दार उघडून बाहेर आलीस ना, तेव्हाच. इतकी वर्षं तुझं तोंड बघतोय मी."

"मग आत जाऊन तुम्ही काय सांगितलंत?"

पंपवाले काही पावलं तसेच चालले. "मी त्या बाईंना म्हटलं, आत्ता हिनं जे सांगितलं असेल तेच माझं उत्तर धरा. त्या म्हणाल्या, असं चालत नाही, हो किंवा नाही सांगा. मग नाही म्हणालो."

म्हणजे चर्चमध्ये उभे राहून ते खोटं बोललेच नव्हते. टाकेबाई रस्त्यात थांबली.

"आणि तुम्हाला स्वतःला? जायचं होतं?"

"फार," ते म्हणाले. एवढा एकच शब्द. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा तिच्यासमोर विस्कटला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात चुरगाळत राहिले.

"पुन्हा विचारतील का ते?"

"नाही विचारणार. आणि विचारलं तरी तू काय वेगळं सांगणार आहेस?"

ती खोटं बोलू शकली असती. त्या घडीला त्यांच्यासाठी काहीही बोलायची तिची तयारी होती. पण तिनं मान हलवली. "नाही सांगणार."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला ना," पंपवाले म्हणाले. "अजून आहे. त्या दुपारी तू बोललीस तेव्हा तर ताट फेकणार होतो."

"मग फेकलं का नाही?"

"एकच तर ताट परत आलंय."

टाकेबाईला हसू आलं आणि हसता हसताच हुंदका फुटला. समोरच्या खिडकीतली म्हातारी बघत होती, तिला खुशाल बघू दिलं. नवऱ्याचा राग आता तिच्यासमोर उभा होता, खरा आणि तिच्या वाटणीचा, आणि त्याच्यासोबत एका घरात राहता येईल असं तिला वाटलं. पंपवाले थोडे पुढे गेले होते. वळून म्हणाले, "चल. भूक लागलीय."